गिधाडासाठी काय द्याल?

४ जानेवारी, सोमवार

आज ऑफिसात नवं काम आलं आणि ते चांगलं आहे. असं वाक्य या वहीत शेवटचं कधी लिहिलं होतं ते शोधायला मागची पानं चाळली. सापडलं नाही.

नगरपालिकेला पाण्याच्या बिलावर एक ऐच्छिक रकाना घालायचा आहे. ज्याला वाटेल त्याने त्यातून वन्यप्राण्यांसाठी थोडं काही द्यायचं. यादीत चार प्राणी आहेत: पाणमांजर, कासव, घुबड आणि गिधाड. जमेल त्यात दोघांचंच भागेल. कोणते दोघे, ते लोकांना विचारून ठरवायचं, आणि लोकांना विचारणं हा तर आमचा धंदाच. घरोघर जायचं, पुस्तिका दाखवायची, 'यासाठी तुम्ही वर्षाला काय द्याल?' असं विचारायचं आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं. प्रश्न आणि फोटो, दोन्ही माझ्याकडे.

मी तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "गिधाडांचं केंद्र चालवतो तो माझा सख्खा भाऊ आहे. हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "दुसरं आहे कोण? करा तुम्हीच. फक्त उद्या कोणी बोट दाखवायला नको, एवढं बघा."

बोट ठेवायला जागा ठेवणार नाही. बावीस वर्षांत एकाही फॉर्मवर माझ्या हातून खाडाखोड झालेली नाही.

१० जानेवारी, रविवार

दादाकडे जाऊन आले. गावाबाहेर, बंद पडलेल्या दगडखाणीच्या मागे त्याचं केंद्र. तारेच्या उंच जाळीत अकरा गिधाडं. एकालाही धड उडता येत नाही. कोणी विजेच्या तारेला धडकलेलं, कोणी विष घातलेलं जनावर खाऊन अर्धमेलं झालेलं. सगळ्यांत म्हातारी मादी आहे तिला तो मावशी म्हणतो. ती त्याच्या हातचंच खाते. वहिनीने दिलं तर पाठ फिरवते. "सासूसारखी आहे," वहिनी म्हणते.

तिथला वास मला अजून सहन होत नाही. आई-बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, दादा तेवीसचा. मिळेल ते काम धरायला हवं होतं आणि मेलेली जनावरं उचलून पक्ष्यांना घालायचं काम कोणी करायला तयार नव्हतं. त्याने धरलं. त्यावर मी शिकले. मी कॉलेजात असताना पाऊस-चिखल असला की तो मला सायकलवर न्यायला यायचा आणि मी त्याला फाटकापासून लांब, वळणावर थांबायला सांगायचे. तो थांबायचा. का, ते त्याने कधी विचारलं नाही.

कामाचं सांगितलं तर हरखून गेला. केंद्राला मिळणारी मदत या वर्षी संपते आहे. पुढचं काहीच ठरलेलं नाही. "म्हणजे आता आमचं तुझ्या हातात," म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या हातात काही नाही. लोकांच्या हातात आहे." त्यावर हसला. "बरं, बाईसाहेब."

त्याने स्वतः काढलेले दोन फोटो पाकिटात घालून दिले. एकात तीन गिधाडं मेलेल्या गाईत माना खुपसून आहेत, माना रक्ताने लाल. दुसऱ्यात भर दुपारच्या उन्हात एक गिधाड पंख पसरून उभं आहे आणि त्या सावलीत त्याचं पिल्लू बसलंय. या दुसऱ्यासाठी तो चार दिवस कड्यावर पडून होता. "हा सावलीवाला लाव," म्हणाला. मी म्हटलं, "बघू. नियमाने जे होईल ते."

बादली नेताना मध्येच पायरीवर बसला. दोनदा. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. म्हटलं, बारीक झालास. तर म्हणतो, "डाएट. तुम्ही शहरातलेच करता का?" वहिनी आत निघून गेली. दोघांचं काहीतरी बिनसलं असावं.

१४ जानेवारी, गुरुवार

फोटो ठरले. पाणमांजराची जोडी पाण्यावर उताणी तरंगते आहे. कासवाचं बोटभर पिल्लू. घुबडाचा चेहरा, मोठे डोळे. गिधाडासाठी मी गाईवाला फोटो लावला.

आमचा आकडेमोड करणारा मुलगा आहे, त्याला सगळे दशांश म्हणतात. त्याला किती वाजले विचारलं तरी सेकंदांसकट सांगतो. तो पुस्तिका उलटून-पालटून म्हणाला, "ताई, हे समान नाही. पाणमांजर मासा फाडताना दाखवलंय का आपण?"

"गिधाड जे करतं तेच दाखवलंय."

"पाणमांजरही मासा फाडतंच की."

"माझा भाऊ आहे तिथे. मी गोंडस फोटो लावला तर लोक काय म्हणतील?"

त्याने पुस्तिका मिटून माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही लोकांना विचारायच्या आधीच लोकांना घाबरलात." पोरगा हुशार आहे, पण कुठे काय बोलावं ते कळत नाही.

एक मात्र त्याचं ऐकलं. दर सहा घरांमागे एका घराला फोटो नसलेली पुस्तिका द्यायची, फक्त मजकूर. कोणता प्राणी काय करतो, किती उरलेत, एवढंच. तुलनेसाठी बरी.

फोटो ठरवताना मन अगदी शांत होतं. हेच बरोबर आहे याची खूण ती.

२५ जानेवारी, सोमवार

वहिनीचा फोन. "तुझ्या ओळखीचे पोटाचे कोणी चांगले डॉक्टर आहेत का गं? शेजारणीला हवेत." दोन नंबर दिले. वहिनी शेजाऱ्यांसाठी फार करते. स्वतःच्या गुडघ्यांकडे मात्र बघत नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

आज मुलींबरोबर मीही घरोघर फिरले. चौदा जिने. दोन ठिकाणी कुत्रं अंगावर आलं, एका ठिकाणी आजोबा.

पाणमांजराच्या पानावर सगळीकडे तेच. "अय्या!" आणि मग घरातल्या बाकीच्यांना हाका. एका बाईने तर फोटो फाडून द्याल का विचारलं, फ्रीजवर लावायला. कासवाला कोणी नाही म्हणत नाही. घुबडाबद्दल दोनचार जण नाक मुरडतात, पण डोळ्यांवर भाळतात.

मग गिधाडाचं पान. एका घरात लहान मुलगी आईच्या मांडीवर होती. आईने पुस्तिका झटकन पालथी घातली आणि म्हणाली, "पुढचं विचारा." एका सोनाराने दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "याला कशाला द्यायचं? आपण मेलो की आनंद होणारा प्राणी हा!" सगळे हसले. मीही लिहिता लिहिता हसले. जसंच्या तसं लिहून घेतलं.

फोटो नसलेली पुस्तिका दिवसभरात दोनच घरांत निघाली. एका घरात बस चालवणारा माणूस होता. त्याने मजकूर बोट ठेवून वाचला. मेलेली जनावरं संपवतात, त्यामुळे रोग पसरत नाहीत, जोडी वर्षाला एकच अंडं घालते. मग म्हणाला, "हे काम दुसरं कोण करतं?" मी म्हटलं, "दुसरं कोणी नाही." "मग लिहा," म्हणाला. पाणमांजरापेक्षा जास्त लिहायला लावलं.

अशी माणसंही असतात. पण एका माणसाचा आकडा म्हणजे काही निष्कर्ष नव्हे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा या आठवड्यातला तिसरा फोन. "निकाल कधी?" मार्चमध्ये, सांगितलं. "थोडा आधी नाही का होणार?" मी जरा चिडलेच. म्हटलं, "दादा, आधीही होणार नाही आणि वेगळाही होणार नाही. तू असं विचारत राहिलास तर मला अवघड होतं."

"तसं नाही गं. मावशीची सोय लावायची होती, म्हणून."

मावशी आज तीस वर्षांची आहे आणि अजून दहा वर्षं जगेल. कसली एवढी घाई?

फोन ठेवल्यावर वाटलं, बोलले ते जरा लागलं असेल. पण त्याने पहिल्यांदाच माझ्या कामात नाक खुपसलंय. नाती एकीकडे, काम एकीकडे.

२१ फेब्रुवारी, रविवार

दादा न सांगता आला. तीन जिने चढून धापा टाकत. कोरा शर्ट, अंगाला साबणाचा दरवळ. माझ्या घरी यायचं असलं की दोनदा आंघोळ करतो. आत ये म्हटलं तरी बाल्कनीजवळच्या खुर्चीतच बसतो, वारा वाहता हवा म्हणे. डोळे पिवळट दिसले. जागरण झालंय म्हणाला.

कॅमेरा घेऊन आला होता, लेन्सांसकट. "तुझ्याकडे ठेव. केंद्रात धूळ फार." आईची शिवणाची पेटीही आणली. म्हणाला, "तुझी वहिनी आवराआवर करतेय, म्हटलं तुझं तुला देऊन टाकावं." मी म्हटलं, माझ्या दोन खोल्यांत मी कुठे ठेवू हे सगळं? तरी ठेवून गेला.

जेवायला बस म्हटलं तर दोन घास खाऊन ताट सारलं. जाताना दारात उभा राहून उगाचच खोलीभर नजर फिरवत राहिला. म्हणाला, "छान लावलंयस घर." बारा वर्षं झाली मला इथे येऊन.

फोटोचं विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते, ते माझंही ठरलं नव्हतं. तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. हे कबूल करायला हवं.

५ मार्च, शुक्रवार

निकाल आला. पाणमांजर पहिलं, कासव दुसरं, घुबड थोडक्यात मागे. गिधाड शेवटी, इतकं खाली की तक्त्यावर त्याचा खांब दिसतच नाही, नुसती रेघ.

दशांशने दार लोटलं. आज तो आकडा न सांगताच म्हणाला, "ताई, आता हे बघा."

दुसरा तक्ता फोटो नसलेल्या पुस्तिकांचा होता. त्यात गिधाड दुसरं. पाणमांजराच्या अगदी खांद्याला खांदा लावून. कासवाच्याही वर.

तशीच माणसं, तेच गाव, तोच प्रश्न. मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त फोटो नव्हते, मी लावलेला तो गाईवालाही नव्हता.

मी त्याला म्हटलं, पुन्हा मोजून बघ. त्याने तीनदा मोजलं होतं. मी चौथ्यांदा मोजलं. मग तोंड धुवायला गेले आणि नळ उघडा ठेवून बराच वेळ उभी राहिले.

८ मार्च, सोमवार

मॅडमशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी लावा. चूक फोटोची आहे. फोटो मी निवडला, तसं माझ्या नावानिशी लिहा.

"बिनफोटोची घरं किती? मूठभर. तेवढ्यावर नगरपालिका निर्णय घेणार? आणि आता तुम्ही भावाच्या बाजूने बोलताय असंच दिसेल ते."

"मी आधी त्याच्या विरुद्ध वागले, ते कोणाला दिसलं नाही."

मॅडम जरा नरमल्या. वाईट नाहीत त्या. "परिशिष्टात टाकते," म्हणाल्या. परिशिष्ट म्हणजे अहवालातली माळ्यावरची खोली. ठेवलंय एवढंच समाधान.

१८ मार्च, गुरुवार

नगरपालिकेची बैठक. लांबच लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पडद्यावर आमचा तक्ता. सुशोभित करायचा म्हणून कोणीतरी प्रत्येक खांबावर त्या त्या प्राण्याचा पुस्तिकेतला फोटो चिकटवला होता. पाणमांजरं उंचावर तरंगत होती. तळाशी लाल माना.

एक सदस्य म्हणाले, "ते शेवटचं जरा झाका हो, जेवणाची वेळ झालीय." हशा पिकला.

मी हात वर केला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, तरी उठले. म्हटलं, फोटो न बघता लोकांनी याला दुसरा क्रमांक दिलाय, परिशिष्टात आहे, पान एकेचाळीस. कागदांची सळसळ झाली. अध्यक्ष म्हणाले, "पण ताई, लोकांना फोटो दाखवायचाच नाही असं कसं चालेल? लोक बघूनच देतात."

"दुसरा फोटो आहे," मी म्हटलं.

"मग तो का नाही लावला?"

एवढंच म्हणाले, "माझी चूक."

"ठीक आहे, पुढच्या वेळी," म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. गटारांचा होता.

१९ मार्च, शुक्रवार

दादाला स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं, फोनवर नाही. रजा टाकली.

केंद्रावर दादा नव्हता. जाळीत वहिनी होती. नाकाला ओढणी बांधून बादलीतून तुकडे टाकत होती. मला बघून हात थांबला.

"दादा कुठाय?"

"घरी. झोपलाय."

"या वेळेला?"

वहिनीने बादली खाली ठेवली. ओढणी तशीच बांधलेली, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते. म्हणाली, "नोव्हेंबरपासून आहे. पोटात. पसरलंय. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. म्हणाला, तिचं काम चालू आहे. कळलं तर ती आपल्या बाजूने झुकेल आणि मग तिलाच आयुष्यभर टोचत राहील."

मी जाळीला धरून उभी राहिले.

शेजारीण. पट्ट्याचं भोक. थोडा आधी नाही का होणार.

मागची पानं आत्ता वाचली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

२३ मार्च, मंगळवार

बिनपगारी रजा घेऊन दादाकडे राहायला आले आहे. डॉक्टर म्हणाले, आता दवाखान्यात काही करण्यासारखं नाही, घरी बरं वाटेल तसं ठेवा. समोरच्या खोलीत खिडकीखाली पलंग हलवला.

निकाल मी वहिनीला सांगितला होता, तिने तो आधीच त्याच्या कानावर घातला होता. मी पुढ्यात बसले तर तोच बोलला. "पाणमांजरं जिंकली ना? गोड असतात पण लबाड. बघितलंस कधी? मासा काय फाडतात!"

मग थोड्या वेळाने, "कुठला लावला होतास?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "गाईवाला."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "तोही माझाच आहे."

"दादा, मी मुद्दाम..."

"अगं, चांगला आलाय तो. उजेड बघ त्यातला. सकाळचा आहे." आणि माझ्या हातावर हात ठेवला. हात म्हणजे नुसती काटकी. "तुला तो वास कधी सोसला नाही. त्यात तुझा काय दोष?"

उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी कणीक मळत होती. मला बघून तिने पाठ फिरवली, मला रडायला जागा म्हणून.

२८ मार्च, रविवार

आज त्याला थोडी हुशारी होती. म्हणाला, "लोकांनी काय काय लिहिलं गं? आकडा नको. शेवटी तो रकाना असतो ना, तुमचं मत म्हणून. तेवढं वाच."

दशांशला फोन केला. तो फोटो नसलेल्या पुस्तिकांचे फॉर्म झाकपाक करून, नावं कापून, स्वतः घेऊन आला. बहुतेकांनी मताचा रकाना कोराच सोडला होता. लिहिलेले सात निघाले. सातही वाचले. बसवाल्याचा वाचला तेव्हा दादाने पुन्हा वाचायला लावला. 'हे काम दुसरं कोण करतं?' ऐकून खूश झाला. "माणूस कळता आहे. कुठल्या गल्लीतला?" सांगितलं. "त्याला एकदा केंद्रावर बोलव."

झोपताना म्हणाला, "बाकीचे उद्या."

बाकीचे नाहीतच.

२९ मार्च, सोमवार

दुपारी पलंगाशेजारी बसले. हातात कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेतला आणि वाचायला लागले.

"एक नर्स लिहिते: 'घाण साफ करणाऱ्याला कोणी विचारत नाही. मला माहीत आहे. माझं नाव लिहा.'"

"वा."

"एक शाळेतल्या बाई लिहितात: 'वर्गात वाचून दाखवलं. मुलं विचारतात, हे पक्षी दिवसभर उडून थकत नाहीत का?'"

"थकतात. पण हवेवर पडून राहतात, पंख हलवत नाहीत. मुलांना सांग म्हणावं." श्वास घ्यायला थांबला. "पुढचं."

पुढचं, पुढचं. बावीस वर्षांत मी एक अक्षर बदललं नव्हतं. आज एका दमात अकरा माणसं तयार केली. त्यांची वयं, त्यांचे धंदे, एकीच्या अक्षराचं वाकडेपणसुद्धा. आवाज कुठेही अडकला नाही.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता. वहिनी ऐकत असावी.

३ एप्रिल, शनिवार

रोज दुपारी वाचते. तो वाट बघतो. आज म्हणाला, "सगळेच कसे चांगलं बोलतात? एखादं वाईट वाच. नाहीतर खरं वाटत नाही."

पाठ होतं तेच म्हटलं. "एक सोनार: 'याला कशाला द्यायचं? आपण मेलो की आनंद होणारा प्राणी हा.'"

दादा इतका हसला की पोट धरून कळवळला. हसतच राहिला. "अगदी बरोबर! मावशीला सांगतो. म्हणावं, तयारीत राहा."

वहिनी दारात आली होती. ती हसली नाही.

८ एप्रिल, गुरुवार

आज वाचायला लागले तर त्याने बोटाने थांब म्हटलं. मग खूप वेळाने, "किती झाले?"

"खूप झाले, दादा."

"इतके लोक," म्हणाला.

११ एप्रिल, रविवार

सकाळी दादा गेला. वहिनी चहा ठेवायला उठली होती, मी औषधाचा चमचा शोधत होते. दोघी खोलीत आलो तोवर झालं होतं.

२ मे, रविवार

केंद्र कालपासून बंद. पक्षी न्यायला लांबच्या प्राणिसंग्रहालयाची गाडी आली. दहा पिंजरे भरले. मावशी नव्हती. दादा गेल्यावर तिने अकरा दिवस काही घेतलं नाही. पशुवैद्याने नळीने भरवलं, ते तिने टाकून दिलं. बाराव्या दिवशी वहिनीला ती कोपऱ्यात दिसली, पंख पसरलेली.

गाडीवाल्याने सही मागितली. 'देणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी दादाचं नाव लिहिलं.

गाडी गेली. वहिनीने झाडू घेतला आणि रिकामी जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडली. मी पाणी ओतत गेले. वास होता. नाकाला काही बांधलं नाही.

९ मे, रविवार

वहिनीकडे जेवायला गेले होते. दोघीच. तीन ताटं काढली गेली, तिने एक परत ठेवलं.

जेवण झाल्यावर म्हणाली, "ते लोकांनी लिहिलेले कागद मला देशील का? तो ऐकायचा तेव्हा त्याचा चेहरा निवळायचा. मला ठेवायचेत."

या क्षणाची भीती मला महिनाभर होती. म्हटलं, "वहिनी, सात खरे होते. ते देते. बाकीचे नव्हते. मी कोरे कागद धरून बसत होते."

ती रागावेल असं वाटलं. ती म्हणाली, "माहीत आहे. तू पान उलटायला विसरायचीस."

"दादाला?"

"ते मी नाही विचारलं."

ती उठली, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. मग येऊन समोर बसली. "कोरे आहेत का अजून?"

पिशवीतच होते. काढले.

"पेन घे. मला सगळे आठवतात. मी सांगते, तू लिही."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. नर्स. शाळेतल्या बाई. भाजी विकणाऱ्या नवरा-बायकोचं एकमेकांशी न पटणारं मत. वाकड्या अक्षराची म्हातारी. मी विसरलेलेसुद्धा. एकेक शब्द, माझ्याच तोंडचा, क्रमाने. मी लिहीत गेले, दर माणसाला एक फॉर्म. सोनार आला तेव्हा ती म्हणाली, "तोही लिही. तो तर खरा असणार."

एकतीस झाले. मला वाटलं संपले. पेनाला टोपण लावलं.

"थांब, एक राहिलाय," वहिनी म्हणाली. खिडकीखाली पलंग होता त्या जागेकडे बघत तिने सांगितलं, सावकाश, मला लिहिता यावं म्हणून थांबत थांबत:

"एक बाई. घरकाम करते. 'या पक्ष्यांसाठी काय द्याल म्हणून विचारता. माझा माणूस दिला. अडतीस वर्षं. पुन्हा विचाराल तर पुन्हा देईन.'"

हे मी कधी वाचलं नव्हतं. तिला तसं म्हटलं नाही. जसंच्या तसं लिहून घेतलं.